बिल ऑफ एन्ट्री अडलं? आधी कुठे अडलं ते शोधा

‘साइटच चालत नाहीये, भाऊ.’ कंटेनर न्हावा शेव्याला उतरलाय आणि माल सुटत नाही, अशा वेळी जळगाव एमआयडीसीतल्या मालकाला सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडून, मिळणारं हे ठरलेलं उत्तर. मालकालाही ते पटतं. सरकारी साइट, त्यात कस्टम्सची. ती न चालण्यात नवल काय? दोन दिवस जातात. शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) सुरू होतं, सीएफएसचं, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं, भाडं चढतं, आणि मग कळतं की साइट व्यवस्थित चालू होती. बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सला द्यायच्या जाहीरनाम्यात, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) नंबर टाकताना मधली आडवी रेघ तेवढी राहिली होती.

चटई, पाइप आणि दाल मिलवाल्यांचे इम्पोर्टचे कागद बघणं हे माझं रोजचं काम. आइसगेट, म्हणजे कस्टम्सची ही साइट, कधी बंद पडतच नाही असं मी म्हणणार नाही. पडतं, आणि तेव्हा काय करायचं तेही खाली आहे. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच कागदांत असतं. जहाज समुद्रात असताना, इथे चारशे किलोमीटरवर बसून, ते काढता येतं. जहाज लागल्यावर तेच काम पैसे मोजून करावं लागतं.

सीएचएला काय विचारायचं

‘कधी होईल?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘आज संध्याकाळपर्यंत’ हेच येतं. विचारा, ‘जॉब नंबर काय पडलाय, आणि बीई (बिल ऑफ एन्ट्री) नंबर आला का?’

फाइलचा रस्ता असा आहे. सॉफ्टवेअरमध्ये बिल ऑफ एन्ट्री तयार होतं, तिथे त्याला जॉब नंबर पडतो. मग डिजिटल सही, मग आइसगेटवर अपलोड. आइसगेट हा नुसता दरवाजा आहे. आत कस्टम्सची आयसेस ही यंत्रणा बसली आहे आणि छाननी ती करते. तिला सगळं पटलं की बीई नंबर आणि तारीख येते. नाही पटलं तर चुकांची यादी परत येते. बीई नंबर पडल्यावर जहाजाच्या मॅनिफेस्टशी, म्हणजे मालाच्या यादीशी (हीच आयजीएम), जुळणी, मग असेसमेंट (किंमत आणि ड्युटी तपासून ठरवणं), मग ड्युटी, गरज असेल तर तपासणी आणि इतर खात्यांची एनओसी, आणि शेवटी आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा हुकूम.

गाडी भुसावळच्या आउटरला उभी आहे की कल्याणच्या, हे कळल्याशिवाय स्टेशनवर न्यायला कधी जायचं ते ठरत नाही; इथेही तसंच. जॉब नंबर आहे पण बीई नंबर नाही, म्हणजे अडचण फाइलमध्ये किंवा सहीत. बीई नंबर आहे पण असेसमेंट हलत नाही, म्हणजे आयजीएम नाहीतर क्वेरी (अधिकाऱ्याची विचारणा). असेसमेंट झालं आणि तरी माल आतच, म्हणजे पैसे नाहीतर एनओसी.

हे सगळं तुम्ही स्वतः बघू शकता. आइसगेटवर सार्वजनिक चौकशीचा भाग आहे. बीईची स्थिती, जॉबची स्थिती, आयजीएमची स्थिती तिथे दिसते, त्यासाठी लॉगिनची गरज नाही. बंदराचा कोड, नंबर आणि तारीख एवढंच लागतं. न्हावा शेव्याचा कोड आयएनएनएसए१. ही सोय असताना मालकांनी दिवसभर फोनवर ‘काय भो, झालं का?’ करत बसणं मला तरी समजत नाही.

सही होत नाही

स्वतःच्या आयडीने भरणाऱ्यांना आणि ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन देण्याच्या सोयीवर) कागद स्वतः चढवणाऱ्यांना हा त्रास जास्त. क्लास ३ ची डिजिटल सही लागते; क्लास २ देणं २०२१ पासून बंद झालं. टोकन, म्हणजे सही साठवलेला यूएसबी, लॅपटॉपला लावलंय, लाइट लुकलुकतोय, तरी स्क्रीनवर सर्टिफिकेट दिसत नाही, अशा वेळी या क्रमाने बघा. टोकनचा ड्रायव्हर त्या मशीनवर आहे का? सही करणारी छोटी युटिलिटी मागे चालू आहे का, की अँटिव्हायरसने ती झोपवली? जीएसटीवाल्या अकाउंटंटचं दुसरं टोकन त्याच मशीनला लावलेलं तर नाही ना? एका वेळी एकच ठेवा. संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? जुन्या डेस्कटॉपचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट ‘अवैध’ ठरतं.

पिन आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं.

आणि नेहमीचा खड्डा: सही नवी केली, टोकन तेच, नावही तेच, पण आइसगेटच्या प्रोफाइलमध्ये जुनंच सर्टिफिकेट नोंदलेलं. नूतनीकरण झालं की तिथे नवं चढवावं लागतं, ते आपोआप होत नाही. सहीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ऐन तुरीच्या हंगामात ती संपणार असेल तर महिनाभर आधीच करून घ्या.

लॉगिनबद्दल एकच सांगतो. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नंबर कुणाचा आहे ते आज तपासा. नोकरी सोडून सुरतला गेलेल्या जुन्या अकाउंटंटच्या नंबरवर ओटीपी जाणाऱ्या फर्म खान्देशात कमी नाहीत.

फाइल गेली, बीई नंबर आला नाही

सगळ्यात आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर जाऊन आयईसीची माहिती ताजी करावी लागते. काही बदललं नसलं तरी ‘काही बदल नाही’ असं सांगावंच लागतं. हा नियम २०२१ पासून आहे. न केल्यास आयईसी निष्क्रिय होतो, आणि निष्क्रिय आयईसीवर बिल ऑफ एन्ट्री पुढे जात नाही. वर्षातून एखादंच मशीन आणणाऱ्या कारखानदाराला हा फटका हमखास बसतो, कारण जूनमध्ये इम्पोर्ट डोक्यातच नसतं. जागेवरच पुन्हा चालू करता येतो, पण डीजीएफटीकडून कस्टम्सकडे माहिती पोहोचायला वेळ जातो. तो वेळ हातात ठेवा.

मग ई-संचित. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हे सगळे कागद पीडीएफ करून, डिजिटल सही करून चढवायचे. प्रत्येक कागदाला आयआरएन हा नंबर मिळतो आणि तो बिल ऑफ एन्ट्रीत टाकायचा. फाइल एक एमबीच्या आत हवी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेले रंगीत फोटो पीडीएफमध्ये कोंबले की ती मर्यादा एका पानातच ओलांडली जाते. स्कॅनरवर काळं-पांढरं, २०० डीपीआय ठेवा. अक्षर स्वच्छ येतं आणि फाइल छोटी राहते. फाइलला पासवर्ड नको. परदेशी बँका आणि विमा कंपन्या कधीकधी लॉक केलेली पीडीएफ पाठवतात. ती उघडते, छापली जाते, पण इथे चालत नाही. छापून पुन्हा स्कॅन करा.

आयआरएन हाताने टाइप करू नका, कॉपी करा. इनव्हॉइसच्या जागी पॅकिंग लिस्टचा आयआरएन पडला तर यंत्रणा तक्रार करत नाही, नंबर खरा असतो ना! अधिकारी उघडून बघतो तेव्हा त्याला भलताच कागद दिसतो, आणि क्वेरी येते.

बीई नंबर आहे, आयजीएम जुळत नाही

आता खरं दुखणं.

आयजीएम म्हणजे जहाजावर काय काय आहे त्याची कस्टम्सला दिलेली यादी. ती आयातदार भरत नाही, शिपिंग लाइन भरते. आपल्या बिल ऑफ एन्ट्रीतली माहिती त्या यादीतल्या आपल्या ओळीशी जुळायला हवी. बिल ऑफ लेडिंगचा नंबर, तारीख, पॅकेजेसची संख्या, वजन, कंटेनर नंबर, सगळंच. माणूस बघितल्याबरोबर म्हणेल की हे दोन्ही एकच आहेत. यंत्रणा म्हणत नाही.

इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य. ‘आय’ आणि एक. नंबराच्या मधली आडवी रेघ, शेवटी चिकटून आलेली रिकामी जागा. तारखेतही गोंधळ: ०५/०६ हे ५ जून की ६ मे? अमेरिकन पद्धतीने छापलेल्या कागदावर महिना आधी येतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक लगेच दिसते; बारा किंवा त्याच्या आत असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पॅकेजेसची गंमत वेगळी. पॅकिंग लिस्टवर ४२ कार्टन लिहिलेले असतात, पण फॉरवर्डरने (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटने) ते दोन पॅलेटवर बांधलेले असतात आणि बिल ऑफ लेडिंगवर ‘२ पॅलेट’ छापलेलं असतं. आयजीएममध्ये दोन जातात. आपला माणूस पॅकिंग लिस्ट समोर ठेवून ४२ टाकतो. दोन्ही कागद खरेच, पण जुळणी बसत नाही. पॅकेजेस नेहमी बिल ऑफ लेडिंगप्रमाणे घ्या, ४२ कार्टन कुठे आहेत ते पॅकिंग लिस्ट सांगेल. त्याहून बरं म्हणजे पुरवठादाराला आधीच सांगायचं की पॅकिंग लिस्टवरच ‘२ पॅलेट, त्यात ४२ कार्टन’ असं लिही.

पूर्ण कंटेनर आणणाऱ्यांचं तरी बरं चालतं. एलसीएलने माल आणणारे, म्हणजे चीनमधून एखादा मोल्ड, एक्स्ट्रूडरचा स्क्रू-बॅरल किंवा गिअरबॉक्स मागवणारे छोटे कारखानदार, यांची हालत बघवत नाही. त्यांचा माल दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये येतो. जहाजवाल्याच्या यादीत मास्टर बिल ऑफ लेडिंगची (पूर्ण कंटेनरच्या बिलाची) एक ओळ असते आणि तिच्या पोटात आपल्या हाउस बिलची (फक्त आपल्या मालाच्या बिलाची) उपओळ. ही उपओळ कन्सोल एजंट, म्हणजे सगळ्यांचा माल एकत्र आणणारा, भरतो. बिल ऑफ एन्ट्रीत मास्टर आणि हाउस दोन्ही नंबर तारखांसह लागतात. पुरवठादार मात्र आपल्याला फक्त हाउस बिल मेल करतो, कारण त्याच्या हातातही तेवढंच असतं. मग मास्टरच्या जागी हाउसचा नंबर बसतो, नाहीतर एजंटने उपओळच भरलेली नसते आणि इकडे आपण आपल्या फाइलमध्ये चूक शोधत बसतो.

उपाय साधा आहे. जहाज सुटलं की फॉरवर्डरच्या इथल्या एजंटला एक मेल करा आणि लेखी मागा: मास्टर बिलचा नंबर व तारीख, हाउस बिलचा नंबर व तारीख, आणि आयजीएम भरल्यावर त्याचा नंबर, तारीख, लाइन नंबर, सबलाइन नंबर. फोनवर ऐकून वहीत लिहून घेतलेल्या नंबरावर बिल भरू नका. आयजीएमची स्थिती सार्वजनिक चौकशीत स्वतः बघा, आपली ओळ तिथे दिसत नसेल तर कितीही वेळा फाइल पाठवून उपयोग नाही.

जुळत नसेल तर चूक कुणाच्या बाजूची ते ठरवा. आयजीएम चुकलं असेल तर दुरुस्ती शिपिंग लाइनने किंवा एजंटने करायची. ते पत्र मागतील, पैसेही मागतील. आपलं बिल चुकलं असेल तर आपण त्याची दुरुस्ती मागायची. ‘राहू दे, आपलंच बदलून त्यांच्यासारखं करू’ असा शॉर्टकट काही जण सुचवतात. वजन किंवा पॅकेजेस चुकीच्या आयजीएमप्रमाणे करून घेतले की पुढे गेटवर प्रत्यक्ष माल मोजताना तो घोळ तिप्पट होऊन परत येतो.

घाईचं कारण

कस्टम्स कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे जहाज ज्या दिवशी लागतं त्याच्या आदल्या दिवशी संपेपर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरलेलं असायला हवं, आणि यात सुट्टीचा दिवसही धरला जातो. २०२१ च्या वित्त कायद्याने ही मुदत आणली. म्यानमारसारख्या जवळच्या देशातून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला जहाज लागण्याच्या दिवसापर्यंत सूट आहे, म्हणून म्यानमारची तूर आणणाऱ्यांना थोडी उसंत मिळते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. हे प्रत्येक बिलाला. लहान मोल्डच्या मागे आठवड्याचा उशीर झाला तर तीन दिवसांचे १५,००० आणि चार दिवसांचे ४०,०००, एकूण ५५,०००. डिटेन्शन आणि सीएफएसचं भाडं वेगळंच.

दुसरीकडे जहाज यायच्या तीस दिवस आधीपर्यंत आगाऊ बिल भरायची मुभा आहे. चीनहून किंवा आफ्रिकेहून येणाऱ्या मालाला एवढा वेळ पुरून उरतो. तरीही बहुतेक लोक जहाज लागायच्या आदल्या रात्री जागे होतात.

चेकलिस्ट

फाइल पाठवण्याआधी सीएचए एक चेकलिस्ट पाठवतो. पीडीएफ असते, पानं बरीच, अक्षर बारीक. बिल ऑफ एन्ट्रीत जे जे जाणार आहे ते सगळं तिच्यात असतं. ती व्हॉट्सअॅपवर येते, मालक बाजारात किंवा लग्नात असतो, अंगठा वर करून मोकळा होतो. तो अंगठा म्हणजे मंजुरी. चुकीबद्दल पुढे भांडायला गेलात तर सीएचए तोच स्क्रीनशॉट तुम्हाला दाखवतो, आणि त्याचं चुकतही नाही. स्वयं-मूल्यांकनाचा कायदा आहे. जाहीर केलेल्या माहितीची जबाबदारी आयातदाराची.

वाचायला बसलात की पहिलं जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नंबर, बघा. नवापूर, नंदुरबारकडच्या बऱ्याच फर्मची सुरतला शाखा असते. आयईसी एकच, जीएसटी नंबर दोन: एक २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा, दुसरा २४ ने सुरू होणारा गुजरातचा. सीएचएच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वेळचा नंबर साठवलेला असतो, तोच पुन्हा येतो. माल नवापूरच्या गोदामात आणि आयजीएसटीचं क्रेडिट सुरतच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या पत्रकात. शोधत बसा मग.

त्याच्या शेजारीच बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेचा ओळख-नंबर. ज्या बँकेतून पैसे परदेशी पाठवलेत किंवा पाठवणार आहात तिचाच हवा. बिल ऑफ एन्ट्रीची माहिती कस्टम्सकडून रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत आणि तिथून एडी कोडच्या बँकेत जाते. २०१६ पासून हे असंच चालतं. कोड दुसऱ्या बँकेचा पडला तर पैसे एका बँकेतून गेलेले आणि पुरावा दुसऱ्या बँकेत पोचलेला. आपली बँक ‘तुमचं बिल आलं नाही’ म्हणत राहते आणि पुढचं रेमिटन्स अडवते.

मग किंमत. इनव्हॉइस सीआयएफ (भाडं-विमा धरून) आहे की एफओबी (भाडं-विमा सोडून)? एफओबी असेल आणि भाडं-विम्याचे आकडे दिले नाहीत, तर नियमाप्रमाणे भाडं एफओबीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. १०,००० डॉलरच्या मालाची किंमत कागदावर १२,११२.५० डॉलर होते. खरं भाडं ६०० डॉलर असेल तर उरलेल्या फुगवट्यावर तुम्ही फुकट ड्युटी भरताय. एक मेल करून भाड्याचं बिल मागवायला काय जातं? आणि इनव्हॉइस सीआयएफ असताना चेकलिस्टमध्ये एफओबी पडलं असेल तर भाडं दोनदा मोजलं जातं.

एककाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, दाल मिलवाल्यांनी तर विशेष. समजा एक कंटेनर तूर, २४ टन, ९०० डॉलर टनाला. २४ गुणिले ९००, म्हणजे २१,६०० डॉलर. कुणीतरी वजन किलोत टाकलं, २४,०००, आणि दर तसाच टनाचा ९०० राहिला. किंमत झाली २ कोटी १६ लाख डॉलर. हसू येईल, पण ज्या मालावर ड्युटी शून्य आहे तिथे ही चूक डोळ्यांआड होते. कारण आपण सगळे चेकलिस्टच्या शेवटी जाऊन ‘ड्युटी किती’ एवढंच बघतो, आणि तिथे शून्यच असतो. पुढे बँकेत हा आकडा आला की मॅनेजर तुम्हाला बोलावणारच.

टॅरिफचा आठ आकडी कोड प्रत्येक ओळीचा वेगळा बघायचा. आपल्याकडच्या पाइपवाल्यांचं उदाहरण घ्या. एक्स्ट्रूडर ८४७७ २० ०० मध्ये, त्याचे सुटे भाग ८४७७ ९० ०० मध्ये, पण गिअरबॉक्स सुटा आला तर तो ८४८३ मध्ये जातो. पुरवठादार इनव्हॉइसवर एकच ओळ लिहितो: ‘एक्स्ट्रूडर, ॲक्सेसरीजसह, १ सेट’. मग अधिकारी विचारणारच की सेटमध्ये काय काय आहे. ऑर्डर देतानाच त्याला सांगा की मशीन वेगळं, स्पेअर वेगळे, प्रत्येकाची किंमत वेगळी लिही.

डाळींच्या बाबतीत सवलतीच्या अधिसूचनेची मुदत आजच्या तारखेला बघा, गेल्या खेपेची धरू नका. सरकार ती वाढवतं, बदलतं, आणि कधीकधी अट बिल ऑफ लेडिंगच्या तारखेवर असते. ड्युटीचा दर बिल भरल्याची तारीख आणि जहाजाला प्रवेश मिळाल्याची तारीख यांतली जी नंतरची ती धरून लागतो. डॉलरचा दर मात्र बिल भरल्याच्या दिवशीचा. कस्टम्सचे हे दर महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होतात. बँकेचा दर लावून तुम्ही हिशेब केलात आणि आकडा जुळला नाही तर घाबरू नका, त्यात चूक काही नाही.

क्वेरी आली

३१ ऑक्टोबर २०२० पासून फेसलेस असेसमेंट देशभर आहे. माल न्हावा शेव्याला, पण तुमचं बिल चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी बघत असेल. ‘ओळखीचा साहेब आहे, बोलून घेतो’ हे त्यामुळे संपलं. मला विचाराल तर बरंच झालं. पण एक गोष्ट त्यातून आली: त्या अधिकाऱ्याला तुमचं मशीन, तुमचा कारखाना, काहीच माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त ई-संचितवरचे कागद. ‘वापर काय?’ असं त्याने विचारलं आणि तुम्ही ‘कारखान्यासाठी’ असं उत्तर दिलं तर दुसरी क्वेरी येते आणि दोन दिवस जातात. कॅटलॉगचं पान, मशीनचा फोटो, ते काय करतं याच्या चार सरळ ओळी, आणि कोड तोच का याचं एक वाक्य, एवढं एकदाच द्या. मशीन आणताय तर हे कागद पहिल्याच दिवशी चढवून ठेवले तर क्वेरीच टळू शकते.

तूर, हरभरा, वाटाणा यांना प्लांट क्वारंटाइन आणि अन्नसुरक्षा खात्याची एनओसी लागते. बिल सिंगल विंडोतून त्यांच्याकडे आपोआप जातं, पण फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरचं (माल रोग-कीडमुक्त असल्याच्या दाखल्यावरचं) आयातदाराचं नाव आणि वजन बिलाशी जुळत नसेल तर तिथे गाडं थांबतं.

पैसे गेले, ड्युटी बाकीच

१ एप्रिल २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर आलं. आधी लेजरमध्ये पैसे टाकायचे, मग त्यातून त्या बिलाचं चलन भरायचं. दोन पायऱ्या आहेत. अकाउंटंट दुपारी एनईएफटी करतो, बँकेतून पैसे वजा होतात, तो घरी जातो. लेजरमध्ये रक्कम बसते आणि तशीच पडून राहते. चलन कुणी भरतच नाही. वेळेत न भरलेल्या ड्युटीवर वार्षिक १५ टक्के व्याज चढतं. लेजरमधली शिल्लक बघून समाधान मानू नका, चलनापुढे ‘भरलं’ असं दिसतंय का ते बघा. आणि पैसे वजा होऊन लेजरमध्ये दिसत नसतील तर घाबरून पुन्हा पाठवू नका. बँकेचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, घ्या, थोडा वेळ थांबा, नाहीच आले तर तो नंबर देऊन तक्रार नोंदवा.

साइट खरोखरच बंद असेल तर

तर पुरावा गोळा करायला लागा. पूर्ण स्क्रीनचा फोटो, ज्यात संगणकाची तारीख-वेळ दिसते असा. नुसत्या एररचा कापलेला तुकडा कामाचा नाही. दुसऱ्या ब्राउझरवर आणि मोबाइलच्या इंटरनेटवर एकदा बघा, म्हणजे आपल्याच लाइनचा दोष नाही हे पक्कं होतं. आमच्याकडे वीज गेली की राउटर जातो आणि शिव्या आइसगेटला पडतात. आइसगेटवर देखभालीची सूचना लागली असेल तर तिचीही प्रत ठेवा. मग हेल्पडेस्कला, १८००-३०१०-१००० वर, फोन करून तक्रारीचा नंबर घ्या. ‘मॅडम म्हणाल्या चालू होईल’ याला काही किंमत नाही, नंबरालाच आहे.

हे सगळं कशासाठी? उशिराचा आकार कायद्याप्रमाणे तेव्हा लागतो जेव्हा उशिराला पुरेसं कारण नव्हतं असं अधिकाऱ्याला वाटतं. कारण होतं हे दाखवायचं काम आपलं. वेळ दाखवणारे स्क्रीनशॉट आणि तक्रारीचा नंबर जोडून अर्ज केला तर आकार माफ करण्यासाठी बोलायला जागा राहते. बंद लांबलं तर कलम ४६ मध्येच इलेक्ट्रॉनिक पद्धतीऐवजी दुसऱ्या रीतीने बिल स्वीकारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. ती आयुक्तालयाकडून मिळते, आणि ती मागायला सीएचएला त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

माल सुटल्यावर आउट ऑफ चार्जची प्रत मेलवर येते. ती उघडून जीएसटीआयएन, एडी कोड आणि किंमत एकदा पाहून घ्या. चूक दिसली तर कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते. आयातीच्या वेळी अस्तित्वात असलेले कागद हाच तिचा आधार असतो. म्हणून ऑर्डर, इनव्हॉइस, पेमेंटचा स्विफ्ट संदेश आणि ती मंजूर केलेली चेकलिस्ट असं सगळं एका फोल्डरमध्ये, बीई नंबराच्या नावाने ठेवा.